माझ्या अक्षरातल्या नोट्स

माघ सरत आला की धुळ्यात झेरॉक्सच्या दुकानांबाहेर मुलांची गर्दी होऊ लागते. बसस्टँडपासून आमच्या कॉलेजापर्यंतच्या रस्त्यावर अशी सात-आठ दुकानं आहेत. यंत्रांची झाकणं दिवसभर उघडतात आणि मिटतात, कागदाचा गरम, जरासा जळका वास रस्त्यावर येतो, आणि मुलं ताज्या कागदांवर फुंकर घालत उभी असतात. कडुलिंबाची पानंही याच दिवसांत गळतात. वारा सुटला की पिवळी पानं आणि कुणाच्या तरी हातून सुटलेलं एखादं पान सोबतच रस्ताभर घरंगळत जातात. मी या दिवसांत मागच्या गल्लीतून जाते. लांब पडतं, पण जाते.

मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. आर्ट्स, सायन्स, कॉमर्स, तिन्ही शाखांची मुलं माझ्या वर्गात येतात, कारण भाषा सगळ्यांनाच असते. फेब्रुवारी लागला की सगळी एकच गोष्ट मागतात. मॅडम, नोट्स द्या ना. रसग्रहणाच्या द्या, पत्रलेखनाच्या द्या, निदान निबंधाचे मुद्दे तरी. मी म्हणते, पुस्तक वाचा. मागे एकदा जिन्यात एक पोरगा दुसऱ्याला सांगत होता की मॅडमलेच काही येत नसेल, तर त्या देतील कुठून. मला हसू आलं होतं. गेल्या पंचवीस वर्षांत मी एकही नोट लिहिलेली नाही. फळ्यावर लिहिते आणि तास संपला की स्वतः पुसते.

माझा धाकटा भाऊ भिकन यंदाच्या माघात गेला. शेतात गव्हाला पाणी देत होता. फिट आली आणि तो पाटात पालथा पडला. पाटात घोटाभर पाणी होतं. शेजारच्या शेतातल्या बाया आल्या तेव्हा त्याच्या मुठीत गाळ होता, इतका घट्ट की अंघोळ घालतानाही ती मूठ नीट उघडली नाही. फिट त्याला जन्मापासून नव्हत्या. बारावीच्या निकालाच्या दिवशी गावातल्या पोरांनी त्याला मारलं, तेव्हापासून होत्या. का मारलं, याची एक गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती: भिकननं पोरांना मुद्दाम चुकीच्या नोट्स दिल्या, स्वतः बरोबर लिहिलं आणि वर जाऊन चुगली केली. ही गोष्ट खोटी आहे. खरी आम्हा दोघांनाच माहीत होती. तो गेल्यावर ती मला एकटीलाच माहीत होती. मी सांगितली नसती, तर भिकन त्या खोट्या गोष्टीसकट गेला असं झालं असतं.

त्या वर्षी मी धुळ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, होस्टेलवर राहायची. आमचं गाव एरंडोलपासून आत. सायन्सला जाणारी गावातली मी पहिली मुलगी होते आणि हे मला फार ठाऊक होतं. बारावी सायन्स इंग्रजीतून असतं. गावातली मुलं न कळणारी वाक्यं मान हलवत पाठ करायची, जशी म्हातारी माणसं न कळणारी स्तोत्रं करतात. म्हणून मी भिकनसाठी नोट्स काढायला घेतल्या. वर इंग्रजी वाक्य, खाली लाल शाईत त्याचा मराठी अर्थ. त्या त्याच्या मित्रांनी पाहिल्या. मग कॉमर्सवाल्या चुलतभावानं माझ्याकडे पुस्तक पाठवलं, आणि मी सेक्रेटरियल प्रॅक्टिस वाचून काढलं, जे मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. भागधारकाला पाठवायचं पत्र कसं लिहावं, हे मी भागधारक म्हणजे कोण ते कळायच्या आधी लिहिलं. आर्ट्सच्या मुलींसाठी मराठीच्या कवितांची रसग्रहणं लिहिली. तीन शाखा, तीन वेगवेगळ्या रंगांची पुठ्ठ्याची कव्हरं. त्या हिवाळ्यात माझ्या मधल्या बोटावर शाईचा घट्टा पडला होता आणि मला तो कुणालाही दाखवायला आवडायचं.

भिकन माझी पानं एरंडोलला नेऊन झेरॉक्स करून आणायचा. तिथल्या दुकानदारानं माझं अक्षर पाहून त्याला सांगितलं की इतकं रेखीव अक्षर असेल तर ते कितीही लहान करता येतं. आणि त्यानं ते केलं. तळहातात मावतील एवढी पानं, परीक्षेत लपवायला. आम्हाला न विचारता त्यानं स्वतःकडे एक प्रत ठेवून घेतली आणि आजूबाजूच्या चार गावांतली मुलं त्याच्याकडे जायला लागली. हे कळल्यावर मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. चार गावांच्या खिशांत माझं अक्षर होतं.

आमच्या भागातली परीक्षा तेव्हा कशी व्हायची हे आज सांगितलं तर मुलांना गंमत वाटते. पेपर सुरू झाला की केंद्राच्या भिंतीवर काका, मामा, मोठे भाऊ चढायचे. कॉपी दगडाला दोऱ्यानं बांधायची आणि खिडकीतून आत फेकायची. पत्र्यावर दगडांचा सडा पडायचा. शिपाई काठी घेऊन धावायचा, पोलिसांची गाडी आली की माणसं उड्या टाकायची, कुणाचा पाय मोडायचा, कुणाची पाठ काळीनिळी व्हायची, आणि गाडी गेली की पुन्हा सगळी भिंतीवर. मराठीच्या पेपरला असाच एक दगड एका मुलीच्या कपाळावर लागला. भिकन तिच्या मागच्या बाकावर होता. तिनं रक्त ओढणीनं टिपलं, दगडाचा दोरा सोडला आणि लिहायला लागली. उत्तरपत्रिकेच्या समासात एक लाल ठिपका पडला होता, तो तिनं हातानं झाकून ठेवला. भिकननं मला हे हसत हसत सांगितलं. मीही हसले. त्या दगडाला बांधलेलं रसग्रहण माझं होतं.

बायॉलॉजीचा पेपर आठवड्यावर आला होता तेव्हाची गोष्ट आहे. घरून माझा डबा रोज सकाळच्या एसटीनं यायचा. आई एरंडोलला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती देई, तो माणूस कंडक्टरकडे, आणि मी धुळ्याच्या स्टँडवर बसची वाट पाहत उभी. संध्याकाळच्या बसला रिकामा डबा परत. आमच्या होस्टेलच्या निम्म्या मुलींचं जेवण असंच यायचं. त्या दिवशी भाकरीखाली भिकनची चिठ्ठी होती. तेल लागून कागद पारदर्शक झाला होता. त्यानं लिहिलं होतं की अक्का, आपल्या नोट्समध्ये हृदयाची आकृती उलट आली आहे. पुस्तकात समोरच्या माणसाचं हृदय काढतात, म्हणून त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. तू आपलं स्वतःचं काढलंस. पोरांना सांगू का?

मी पुस्तक उघडून पाहिलं. तो बरोबर होता. मी छातीवर हात ठेवून, आठवून आकृती काढली होती. डाव्या हाताला लेफ्ट आणि उजव्या हाताला राईट लिहिलं होतं. आणि आकृतीवरून रक्ताचा सगळा प्रवासही तसाच लिहिला होता, दीड पान, सुरेख अक्षरात. चूक साधी होती. एका दिवसात सगळ्यांना सांगता आली असती. पण मला त्या दुकानाबाहेर उभी असलेली चार गावांची पोरं दिसली. ती म्हणतील, एवढी हुशार म्हणे, हिला डावं-उजवं कळत नाही. संध्याकाळी रिकाम्या डब्यात मी उत्तर टाकलं. "आता ऐन वेळी कोणाला काही सांगू नकोस. गोंधळ होईल. तुझं तेवढं नीट काढ."

भिकननं ऐकलं. तो माझं ऐकायचा.

पेपरात नेमकी ती आकृती आली. केंद्रावरच्या तीसेक मुलांनी उलटं हृदय काढलं आणि खाली तेच दीड पान लिहिलं, शब्द न शब्द तसंच. तपासणाऱ्याला काही शोधावं लागलं नसणार. निकाल लागला तेव्हा त्या सगळ्यांचा राखून ठेवला होता. मग बोर्डाकडून बोलावणी, जबाब, आणि शेवटी परीक्षा रद्द. पण हे नंतर. आकृती उलटी होती हे मात्र पोरांना पेपरानंतर पुस्तक उघडल्यावरच कळलं होतं. निकालाच्या दिवशी गावाला एवढंच दिसलं की सायन्सच्या पोरांपैकी एकट्या भिकनचा निकाल हातात आला आहे आणि तो पहिल्या वर्गात आहे.

मी तिथे नव्हते. जे सांगते ते आईनं आणि वडिलांनी सांगितलेलं आहे, आणि काही त्याच्या अंगावर मी स्वतः पाहिलेलं. आधी त्या पोरांना आपापल्या घरी मार बसला. एकाच्या बापानं त्याला बैलाच्या चाबकानं खळ्यात फिरवून फिरवून मारलं. युवराजच्या बापानं त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. युवराज भिकनचा जिवलग मित्र, आमच्याच घरात जेवून मोठा झालेला. त्याला पोलीस भरतीत जायचं होतं आणि त्यासाठी बारावी हवी होती. दुपारी ही पोरं मारुतीच्या पारावर जमली आणि भिकनला बोलावून घेतलं. भर उन्हाची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आई घरात होती. तिला आवाज आला, पण वाटलं की कुणी तरी गाद्या झोडतं आहे. उन्हाळ्यात बाया गाद्या झोडतातच. ती म्हणाली होती की तिनं तो आवाज किती तरी वेळ ऐकला आणि हातातलं काम करत राहिली.

कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या होत्या, सायकलची चेन होती. ते एकच विचारत होते, तुले माहीत होतं ना? कोणी सांगितलं होतं गप्प बसायला? भिकनकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. चार अक्षरांचं माझं नाव सांगितलं असतं तर हात थांबले असते, निदान थोडा वेळ. त्यानं सांगितलं नाही. शेवटी चेन कानामागे बसली आणि तो बोलायचाच थांबला. पारावरचं रक्त दुसऱ्या दिवशी आईनं राख टाकून घासलं, दुसरं कुणी घासायला तयार नव्हतं म्हणून.

जळगावच्या दवाखान्यात तो शुद्धीवर आला तेव्हा मी उशाशी होते. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. वडील बाहेर गेल्यावर तो मला म्हणाला, "अक्का, मी काई सांगं नही." मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, बरं केलंस. हे मी म्हटलं. त्याला आराम पडू दे म्हणून नाही. माझी भीती गेली म्हणून म्हटलं.

डाव्या कानानं त्याला पुन्हा ऐकू आलं नाही. वाचायला बसला की काही ओळींतच डोकं दुखायचं आणि मग फिट यायची. पुस्तकं सुटली. तो शेतात राबला, लग्न केलं नाही. उन्हाळ्यात गावातल्या मुलांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढायचा, ती एकत्र रचून दाभणानं शिवायचा आणि पुढच्या वर्षाला मुलांना द्यायचा. त्याला पोरांचे बाप काय बोलतात ते अर्धं ऐकू यायचं आणि अर्धं नाही. मी सायन्स सोडलं, मराठी घेऊन बी.ए. आणि पुढचं शिकले. लोकांना वाटलं, भावाचं दुःख. ते होतंच. पण आकृती काढायला हात उचलत नव्हता, हेही होतं.

वाटतं की इतक्या वर्षांत माणूस निवत असेल. मी निवले नाही, नुसती हळू बोलायला लागले. दोन वर्षांपूर्वी सुपरव्हिजनला होते. एका मुलीच्या बाहीतून मायक्रो झेरॉक्स खाली पडली. मी ती उचलली. गोल, रेखीव, कुणा तरी मुलीचं अक्षर. पुढचं मला नीट आठवत नाही. मी तिच्या कानाखाली मारली, एकदा नाही, आणि माझ्या हाताला ओलं लागलं तेव्हा थांबले. तिच्या कानातली रिंग पाळी फाडून निघाली होती. ती रडत नव्हती. मॅडम, माझी उत्तरपत्रिका घेऊ नका, एवढंच म्हणत होती. मी माफी मागायला तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या आईनं मलाच चहा केला आणि म्हणाली, शिस्त लावायलाच पायजे मॅडम.

भिकनच्या दारावर बसायला यंदा रोज माणसं येत होती. आमच्याकडे गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे तेराव्यापर्यंत, अशी माणसं येऊन अंगणात बसतात, बाया आत आणि पुरुष बाहेर, आणि गेलेल्या माणसाविषयी बोलतात. बोलतात म्हणजे चांगलंच. भिकन कसा मुकाट्यानं काम करायचा, कुणाच्या पाण्याची पाळी कधी चोरली नाही, वह्या कशा शिवायचा. आणि मग कुणी तरी सुस्कारा टाकून म्हणायचं, एवढी एक चूक झाली त्याच्याकडून, त्या वर्षीची. बाकीचे माना हलवायचे. ते त्याला माफ करत होते. मी उंबऱ्याच्या आत बसून ती माफी रोज ऐकत होते. गंधमुक्ती झाली की माणसं उठणार आणि नाव तसंच राहणार होतं. आईही मान हलवायची. तिलाही तेच माहीत होतं.

गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी सकाळी आई सुपात डाळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. चिठ्ठी, डबा, माझं उत्तर, दवाखान्यातलं माझं बोलणं. काही गाळलं नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग तिनं मला मारलं. ती पंचाहत्तरीची आहे, हात वाळलेले आहेत, पण हाडांचा मार लागतो. पाठीवर, खांद्यावर, मग तोंडावर. लहानपणी मारायची तेव्हा तोंडानं बोलायची, या वेळी एक शब्द नाही. डाळ अंगणापर्यंत उधळली. तिचा श्वास लागला तेव्हा ती थांबली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "माले काय सांगस? त्यासले सांग."

अंगणात माणसं बसायला सुरुवात झाली होती. माझ्या गालावर बोटं उमटलेली होती आणि मी तशीच बाहेर गेले. आमच्याकडे बायकांनी पुरुषांत जाऊन असं उभं राहायचं नसतं, त्यामुळे सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी वर्गात बोलते त्या आवाजात सांगितलं, कारण दुसरा आवाज मला सापडला नाही. भाऊबंदांतले वयस्कर नाना मधेच म्हणाले, जाऊ दे बेटा, तू बी लहान होती, आते काय त्याचं. मी थांबले नाही.

युवराज मागे पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. तो पोलीस झाला नाही, ट्रक चालवतो. बारा दिवस तोच रोज पाणी भरून देत होता, सावलीला कापड बांधत होता, कुणाशी न बोलता. तो माणसांमधून वाट काढत पुढे आला. त्यानं विचारलं, "मंग आम्हीन त्याले काबर मारं?"

का मारलं, हे त्यानं पुन्हा विचारलं, तेच शब्द, जास्त मोठ्यानं, आणि त्याचा हात वर गेला. मला वाटलं, बरं होईल. मी डोळे मिटले नाहीत. एवढ्यात आई दारात येऊन उभी राहिली.

"मार ना," ती त्याला म्हणाली. "ज्यानी काई करं नही त्याले मारं. आते इले मार."

युवराजनं हात खाली घेतला. मग तो तिथेच मातीत बसला आणि त्याच हातानं स्वतःच्या थोबाडीत मारायला लागला, पुन्हा पुन्हा, शेजारच्या दोघांनी मनगटं धरेपर्यंत. आईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती बसलेल्या सगळ्या माणसांना म्हणाली, "आयकं ना बठ्ठासनी? आते घर जाईसन सांगा."

माणसं एकेक करून उठली, चपला शोधल्या आणि गेली.

गंधमुक्ती झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुळ्याला निघाले. बसची वाट पाहत फाट्यावर उभी होते. पलीकडे हापशावर दोन बाया पाणी भरत होत्या, नवीन सुना असाव्यात, मला ओळखत नव्हत्या. एक दुसरीला सांगत होती की तो बिचारा भिकन, त्याचं काहीच नव्हतं म्हणे. त्याची बहीण होती ना शिकलेली, तिनं मुद्दाम उलटं लिहून दिलं. गावातलं कुणी तिच्या पुढे जायला नको म्हणून. दुसरी हापसायची थांबली आणि म्हणाली, अशा बी बाया राहतात.

मुद्दाम मी काही केलं नव्हतं. चूक होती, आणि नंतर अहंकार होता. हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मी दहा पावलांवर उभी होते.

बस आली. मी चढले आणि खिडकीशी बसले.